पंडिता रमाबाई : एक वाट बंद झाली तेव्हा

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर स्त्रीचे चरित्र देण्याची पद्धत आहे. ह्या वर्षी ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लिहिण्याची सवय म्हणाल तर वाण्याची यादी आणि माहेरची पत्रे, तीही आता फोनमुळे बंद झाली. तरी नाही म्हटले नाही, कारण ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांचे नाव माझ्या मनात आधीच ठरलेले होते. ते नाव पंडिता रमाबाईंचे.

रमाबाईंची ओळख आपल्याला शाळेच्या पुस्तकातून झालेली असते. संस्कृत पंडिता, विधवांच्या कैवारी, शारदा सदनाच्या संस्थापिका एवढे आपण वाचतो आणि परीक्षेपुरते लक्षात ठेवतो. परंतु त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट पुस्तकात एखाद्या ओळीत येते व बहुधा नजरेतून सुटते. रमाबाईंना कानांनी कमी ऐकू येत होते, आणि त्याच कारणाने त्यांना डॉक्टर होता आले नाही. ही ओळ माझ्या नजरेतून सुटली नाही, त्याचे कारण माझ्या घरात आहे.

माझ्या मुलीला लहानपणीच्या एका मोठ्या तापानंतर ऐकू कमी येऊ लागले. कानाला यंत्र लावून, पहिल्या बाकावर बसून, बाईंच्या ओठांकडे पाहून ती बारावी झाली. तिला परिचारिका व्हायचे होते. एका संस्थेत आम्ही मायलेकी चौकशीला गेलो. तेथे तिच्या कानातले यंत्र पाहूनच, अर्जाचा कागद हाती न देता, आम्हाला परत पाठवण्यात आले. बदलापूरच्या गाडीत खिडकीशी बसून ती घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. त्याच महिन्यात आपल्या मंडळाच्या कपाटातले रमाबाईंचे चरित्र माझ्या हाती लागले. ते मी रात्री जेवणखाण आवरल्यावर आठ दिवसांत वाचून काढले, आणि मग मुलीला वाचायला दिले. म्हणून हा लेख.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान गृहस्थ. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असा तो काळ. शास्त्रीबोवांनी मात्र आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. लोकांना ते रुचले नाही. तेव्हा त्यांनी रानात जाऊन आश्रम केला, पण पत्नीचे शिक्षण थांबवले नाही. पुढे त्याच लक्ष्मीबाई आपल्या मुलीच्या गुरू झाल्या. कुटुंब तीर्थयात्रा करीत गावोगाव फिरे व देवळात पुराण सांगून निर्वाह करी. दिवसभर चालणे, स्वयंपाक व पुराण. म्हणून आई पहाटे मुलीला उठवी आणि काळोखातच पाठ देई. आई म्हणायची, मुलीने ऐकायचे व पाठ करायचे. अशा रीतीने रमाबाईंना भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत झाले. त्या लहानपणी कोणत्याही शाळेत गेल्या नाहीत. त्यांची सगळी विद्या कानांनी आली. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्या कानांनीच साथ सोडली.

दुष्काळाच्या वर्षांत ह्या कुटुंबावर आकाश कोसळले. १८७७ पर्यंत वडील, आई व थोरली बहीण अशी तिन्ही माणसे गेली. रमाबाई व भाऊ श्रीनिवासशास्त्री दोघेच उरले. बहीणभावंडे पायी हिंडत हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तेथल्या पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली, आणि वीस वर्षांच्या त्या मुलीला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. परंतु सुख लाभायचे नव्हते. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात निराळी, प्रांत निराळा, त्यामुळे दोन्हीकडून लोक तुटले. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती वारले. वयाच्या चोविसाव्या वर्षापूर्वी आई, वडील, बहीण, भाऊ व पती ह्या सर्वांना त्यांनी पोहोचवले होते. जवळ राहिली ती वर्षाची देखील पुरी न झालेली मुलगी.

तान्ह्या लेकीला घेऊन त्या पुण्यास आल्या. तेथे १८८२ साली त्यांनी आर्य महिला समाज स्थापला. रमाबाई रानडे ह्यांच्यासारख्या घरंदाज स्त्रिया त्या सभांना जाऊ लागल्या. आज आपण मंडळात बसून हळदीकुंकू करतो, व्याख्याने ठेवतो, सहली काढतो. त्या वेळी बायकांनी नुसते एकत्र बसणे हीच मोठी गोष्ट होती. आपल्यासारख्या मंडळांची ती पणजीच म्हणावी.

त्याच वर्षी सरकारने शिक्षणाची चौकशी करण्याकरिता हंटरसाहेबांचे कमिशन नेमले होते. त्याच्यापुढे रमाबाईंनी साक्ष दिली. मुलींना शिकवण्याकरिता स्त्री शिक्षक हव्यात, आणि आजारी बायकांना तपासण्याकरिता स्त्री डॉक्टर हव्यात, हे त्यांनी ठासून सांगितले. पुरुष डॉक्टरपुढे जाण्याच्या संकोचाने कितीतरी बायका उपचाराविना मरतात, हे त्यांनी गावोगाव फिरताना पाहिले होते. नुसती मागणी करून त्या थांबल्या नाहीत. आपणच वैद्यकी शिकावी असे त्यांनी ठरवले, आणि पुस्तक लिहून मिळवलेल्या पैशांच्या आधारे १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन त्या विलायतेस निघाल्या.

तेथे वाँटेज गावी धर्मभगिनींच्या मठात त्या राहिल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ह्यावरून महाराष्ट्रात फार गहजब झाला व तो त्यांच्या हयातीत कधी पुरता शमला नाही. त्या वादात मी पडत नाही. मला सांगायचे आहे ते दुसरेच.

ज्या विद्येसाठी समुद्र ओलांडला ती विद्या त्यांना घेता येईना. त्यांचे कान अधू होते. वैद्यकीचे शिक्षण म्हणजे व्याख्याने ऐकायची, आणि रोग्याच्या छातीला नळी लावून आतला आवाज ऐकायचा. कानांतल्या ह्या दोषामुळे वैद्यकीचा मार्ग त्यांना बंद झाला. कमिशनपुढे उभे राहून जिने स्त्री डॉक्टरांची मागणी केली, तिलाच डॉक्टर होता येऊ नये! परक्या देशात, आप्त कोणी नाहीत, पदरी दोनअडीच वर्षांची मुलगी, भाषा नवी, थंडी अंगाला न सोसणारी, आणि कारण सांगायचे तर आपलेच शरीर. भगिनींनो, मी हे वाचले तेव्हा मला गाडीच्या खिडकीशी बसलेली माझी मुलगी दिसली.

रमाबाईंनी काय केले? त्यांनी हट्टाने त्याच दारावर धडका दिल्या नाहीत, आणि बोटीत बसून परतही आल्या नाहीत. आपल्याजवळ काय शिल्लक आहे ते त्यांनी पाहिले. संस्कृत होते, स्मरणशक्ती होती, शिकवण्याची हातोटी होती. चेल्टनहॅम येथे मुलींचे एक नामांकित कॉलेज होते. डोरोथिया बील नावाच्या बाई त्याच्या प्रमुख होत्या. १८८४ साली रमाबाई तेथे गेल्या. तेथे त्या संस्कृत शिकवीत आणि स्वतः गणित, शास्त्र व इंग्रजी वाङ्मय शिकत. एका हाताने द्यायचे, दुसऱ्या हाताने घ्यायचे. ह्या बीलबाईंनी त्यांना विद्यार्थिनीही मानले व शिक्षिकाही मानले. आपण थोरांची चरित्रे वाचतो तेव्हा त्यांच्या जिद्दीचे कौतुक करतो व पुस्तक मिटतो. पण नुसत्या जिद्दीवर कोणाचे झाले आहे? दार बंद झालेल्या मुलीला दुसरे दार उघडून देणारी एक बीलबाई लागते. ती नसती तर रमाबाईंच्या जिद्दीला जागा कोठे मिळाली असती?

तेथेही अडथळे आलेच. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे हिंदुस्थानातील काही बिशपांचे मत पडले, व ते विलायतेत कळवले गेले. रमाबाईंना ते मान्य झाले नाही. आपण काय करावे व काय करू नये हे आपल्याला न विचारता दुसऱ्यांनी ठरवावे, हे त्यांना कधीच मानवले नाही. ज्या घरात अपंग मूल आहे त्या घराला हा अनुभव नवा नाही. ह्याला हे जमणार नाही, हिला ते झेपणार नाही, हे सांगणारे पुष्कळ असतात. मुलाला विचारणारा एखादाच.

१८८६ च्या आरंभी रमाबाई अमेरिकेस गेल्या. त्याचे निमित्त आपल्या अगदी जवळचे आहे. आनंदीबाई जोशी, आपल्या शेजारच्या कल्याणच्या जोशी घराण्यातल्या, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून डॉक्टर होत होत्या. त्या रमाबाईंच्या नात्यातल्या. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली, तेव्हा त्या सभेत रमाबाई हजर होत्या. जी पदवी घ्यायला आपण घर सोडले, ती आपल्या नात्यातल्या एका मुलीच्या हाती पडताना त्यांनी पाहिली. त्या वेळी त्यांच्या मनात काय आले असेल ते कोणी लिहून ठेवलेले माझ्या वाचनात नाही. दुर्दैवाने आनंदीबाई मायदेशी परतल्या त्या आजारी होऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधी, त्या पुण्यास वारल्या.

रमाबाई मात्र पदवीचा समारंभ पाहून परतल्या नाहीत. त्या फिलाडेल्फियात राहिल्या व बालोद्यानाची, म्हणजे फ्रोबेलच्या किंडरगार्टनची, शिक्षणपद्धती शिकल्या. ह्या पद्धतीत मूल नुसते ऐकून शिकत नाही. ठोकळे, रंग, कागद, माती असे हातात घेऊन, पाहून व करून शिकते. कानांनी विद्या मिळवलेल्या बाईने डोळ्यांनी व हातांनी शिकवायची विद्या आत्मसात केली. १८८७ साली त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते अमेरिकेत खूप खपले. त्याच वर्षी बोस्टन येथे त्यांच्या कार्याला मदत करण्याकरिता रमाबाई असोसिएशन निघाली व तिने दहा वर्षे पैसे पुरवण्याचे पत्करले.

१८८९ च्या फेब्रुवारीत त्या मुंबईस परतल्या. ११ मार्च १८८९ रोजी, आनंदीबाईंच्या पदवीच्या तारखेलाच, त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक तरुण विधवा होती. केस काढलेली, अक्षरओळख नसलेली ही कोकणातली मुलगी शारदा सदनात शिकली. पुढे ११ मार्च १८९३ रोजी तिचा धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी पुनर्विवाह झाला, आणि ती बाया कर्वे म्हणून प्रसिद्ध पावली. कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमापाठीमागे बायांचे कष्ट आहेत, आणि बायांच्या पाठीमागे रमाबाईंचे शारदा सदन आहे.

१८९० साली सदन मुंबईहून पुण्यास हलले. मुंबई-पुणे रेल्वे तेव्हा सुरू झालेली होती, व ती कल्याणहून आपल्या अंबरनाथ-बदलापूरवरूनच घाट चढते. आज आपण ज्या रुळांवरून सकाळी डबे घेऊन पळतो, त्याच वाटेने त्या काळी सदनातल्या मुली पुण्याकडे गेल्या असतील, हे मनात आले की रमाबाई मला पुस्तकातल्या वाटत नाहीत.

पुण्यात १८९३ साली सदनावर वादळ आले. मुलींना धर्मांतराकडे वळवले जाते असा आरोप होऊन पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत. त्यांनी पुण्याच्या पलीकडे केडगाव येथे जमीन घेतली. १८९६-९७ साली मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. स्वतः दुष्काळात आईवडील गमावलेली ती बाई गप्प कशी बसणार? त्या तेथे जाऊन अनाथ मुली व विधवा गोळा करून घेऊन आल्या. त्यातून केडगावचे मुक्ति सदन उभे राहिले. पुढे १८९९-१९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेथूनही मुली आणल्या. १९०० च्या सुमारास तेथे जवळजवळ दोन हजार माणसे राहत होती. आपल्याकडे लग्नाला दोनशे पाने वाढायची म्हणजे किती धांदल उडते! येथे दोन हजारांचे रोजचे दोन वेळचे जेवण होते.

पण जेवू घालणे हा मुक्ति सदनाचा शेवट नव्हता, तो आरंभ होता. ह्या बायामुलींनी जन्मभर कोणाच्या दयेवर जगावे असे रमाबाईंना वाटत नव्हते. म्हणून तेथे शाळा होती आणि तिच्या जोडीला कामाची खातीही होती. माग होते, तेलाचा घाणा होता, गाईगुरे व दुधाचे काम होते, शेत होते, शिवण होते, धुलाई होती. छापखाना होता, आणि त्यात खिळे जुळवण्यापासून छापण्यापर्यंतची कामे बायका करीत. ज्या मुलीची बुद्धी पुस्तकात चाले ती शिक्षिका होई. जिची पुस्तकात चालत नसे तिच्या कपाळी नापास असा शिक्का मारून कोपऱ्यात बसवत नसत. तिचे हात कशात चालतात ते पाहून तिला त्या कामाला लावीत. काम शिकून ती चार पैसे मिळवायच्या लायक होई.

मुक्तीत आंधळ्या मुलीही आल्या होत्या. दुष्काळात उपासमार व रोग ह्यांमुळे पुष्कळ मुलांचे डोळे जात. त्या काळी आपल्या देशात अंधांच्या शाळा बोटांवर मोजण्याइतक्या. पहिली अमृतसरला १८८७ साली निघाली, आणि मुंबईत मिस मिलर्ड ह्यांची शाळा १९०० साली, तीही दुष्काळातल्या अंध मुलांकरिताच. अशा वेळी केडगावसारख्या खेड्यात मनोरमाबाईंनी स्वतः ब्रेल लिपी शिकून घेतली आणि आंधळ्या मुलींना ती शिकवली. ब्रेल म्हणजे कागदावर उठवलेल्या टिंबांची लिपी, ती बोटांनी चाचपून वाचायची. ज्यांना भीक मागण्यावाचून दुसरा मार्ग समाजाने ठेवला नव्हता त्या मुली वाचू लागल्या, हाताची कामे शिकल्या, आणि आपल्यासारख्या दुसऱ्या मुलींना शिकवू लागल्या. आजीची विद्या कानांनी आईकडे आली, आणि नातीने ती बोटांच्या वाटेने पुढे नेली. विद्येला आत शिरायला एकच दार असते असे नाही, हे ह्या तिघींकडे पाहून पटते.

रमाबाईंचे कान उत्तरोत्तर अधिकच अधू होत गेले. उतारवयात त्यांनी एक मोठे काम अंगावर घेतले. बायबलाचे साध्या, बायकांना समजेल अशा मराठीत भाषांतर. त्याकरिता त्या हिब्रू व ग्रीक भाषा शिकल्या. पन्नाशीच्या आसपास असलेल्या, कमी ऐकू येणाऱ्या बाईने दोन नव्या लिपी व दोन नव्या भाषा शिकाव्या! हे काम डोळ्यांचे व बुद्धीचे होते, कानांचे नव्हते. सुमारे १८ वर्षे त्या हे काम करीत होत्या, आणि ते मुक्तीच्या छापखान्यात बायकांच्याच हातांनी छापले गेले. आपल्याला त्या ग्रंथाशी कर्तव्य असो वा नसो, त्या चिकाटीशी असावे.

१९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. परंतु शेवटी फार मोठा घाव बसला. जिला कडेवर घेऊन जग पाहिले, जिने त्यांच्या कामाचा निम्मा भार वाहिला, ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये त्यांच्या आधी गेली. रमाबाईंनी हातचे काम टाकले नाही. पुढच्या वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगावीच त्यांचा देह विसावला. त्या वेळी त्यांचे वय ६३ होते. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. केडगावची संस्था आजही आहे.

आता ह्या चरित्राचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. आहे, म्हणूनच लिहिले.

आपल्या तिन्ही गावांत, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथे, प्रत्येक आळीत, प्रत्येक इमारतीत असे एखादे मूल आहे. कोणाला ऐकू येत नाही, कोणाला दिसत नाही, कोणाला अक्षरे उलटी दिसतात, कोणाची समज वयापेक्षा मागे आहे. दहावीपर्यंत आई कशीबशी ओढत नेते. खास शाळेत असले तर १८ वर्षांपर्यंत शाळा असते. त्यानंतर काय? आमच्या शेजारच्या वहिनींचा मुलगा वीस वर्षांचा आहे. अंगाने धडधाकट, स्वभावाने गोड, पण हिशेब येत नाही. तो सकाळी सर्वांना हात करतो आणि संध्याकाळी सर्वांना हात करतो. मधला सगळा दिवस त्याच्यापुढे मोकळा पडलेला असतो. आपल्यामागे ह्याचे कोण पाहील, ही काळजी त्या माउलीला रात्री झोपू देत नाही. अशा मुलाला मुक्तीत कोणत्या खात्यात घातले असते, हे मी मनात पुष्कळदा ठरवून पाहते. कधी माग, कधी गोठा, कधी बाग.

रमाबाईंच्या वेळी कायदा नव्हता. आज आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा २१ प्रकारचे अपंगत्व मानतो. ज्याचे अपंगत्व ४० टक्के वा अधिक असल्याचा दाखला आहे त्याला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी व अनुदानित कॉलेजांत अशा मुलांकरिता किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, व वयाची ५ वर्षांची सवलत आहे. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा आहेत. दहावी-बारावीच्या परीक्षेत लेखनिक मिळतो, तासाला २० मिनिटे जादा मिळतात. नेहमीच्या शाळेत निभत नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षेत पाच वर्षांत थोडे थोडे विषय सोडवता येतात. पण हे सर्व दाखल्यावर अवलंबून आहे, आणि अर्ज वेळेवर शाळेमार्फत जावा लागतो. कितीतरी आया दाखला काढतच नाहीत. मुलीच्या लग्नाला आड येईल, लोक नाव ठेवतील ही भीती. मीही दोन वर्षे काढला नव्हता. ती माझी चूक. रमाबाईंनी आपले अधू कान कोणापासून लपवले असते तर बीलबाईंनी मदत तरी कशी केली असती?

आणि कायदा दार दाखवतो, हात धरून आत नेत नाही. ते काम माणसांचे. तेच आपण करू शकतो.

पहिली गोष्ट लेखनिकाची. अंध मुलाला, हात न चालणाऱ्या मुलाला परीक्षेत उत्तरे लिहून द्यायला दुसरा मुलगा लागतो. दहावीच्या मुलाकरिता नववीतला मुलगा वा मुलगी चालते. दर फेब्रुवारीत आया दारोदार फिरतात व लेखनिक मिळत नाही. मुलांच्या अभ्यासाचे नुकसान होईल म्हणून आपणच नाही म्हणतो. भगिनींनो, आपल्या मंडळात नववीतली मुले असलेल्या दहा-बारा तरी घरे आहेत. दिवाळीनंतर आपण नावांची यादी करून ती जवळच्या शाळांत देऊन ठेवली तर?

दुसरी गोष्ट कामाची. आपला हा सारा भाग कामाचाच आहे. उल्हासनगर म्हणजे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी लष्कराच्या बराकीत संसार मांडून वसवलेले गाव. त्या सिंधी भगिनींनी पापड लाटून घरे उभी केली. आज तेथे कपड्यांची शिलाई आहे, फर्निचरची दुकाने आहेत. अंबरनाथ-बदलापूरला औद्योगिक वसाहती आहेत. कोणाचे यजमान, कोणाचे दीर तेथे कामाला आहेत. डब्यांना चिठ्ठ्या लावणे, बटणे लावणे, माल मोजून पेट्या भरणे, रोपवाटिकेत पिशव्या भरणे ह्या कामांना बारावीचा गणिताचा पेपर लागत नाही. ओळखीच्या एका मालकाला एका मुलाविषयी विचारायचे, आणि पहिला महिना त्याच्या सोबतीला कोणी जायचे, एवढे जरी झाले तरी एका घराची झोप परत येईल.

माझ्या मुलीचे सांगून संपवते. तिने ते चरित्र वाचले. चार दिवस काही बोलली नाही. मग स्वतःच चौकशी करून आली. आता ती रक्त, लघवी तपासण्याचे काम शिकते आहे. सूक्ष्मदर्शकाला कान लागत नाहीत, डोळे लागतात, आणि तिचे डोळे घारीसारखे आहेत. शिकवणाऱ्या एक बाई तिच्याकडे तोंड करून बोलतात व फळ्यावर लिहून देतात, एवढीच सोय. पण त्या एवढ्यावर ती वर्गात टिकली आहे. ह्या वर्षी तिची शेवटची परीक्षा आहे. पुढे नोकरी मिळेल की नाही ते आज मला ठाऊक नाही. गाडीत ती पुन्हा बोलायला लागली आहे, एवढे मात्र खरे.

लेखनिकांची यादी करण्याकरिता मी एक वही आणली आहे. वर्धापनदिनाच्या हळदीकुंकवाला ती पानसुपारीच्या तबकाशेजारी ठेवीन. ज्यांच्या घरी नववीतले मूल आहे त्यांनी मुलाला विचारून त्याचे नाव तीत लिहावे, ही विनंती.